कोरडं वजन

क्रेनवाला दस्तगीर एकच विचारतो,
"किती भरंल ओ, मामा?"
त्याचा पट्टा तीन टनांचा. जुना. एका कडेला उसवलेला.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, बंद टॉवेल कारखान्याच्या मागं
बाभळीनं दोन्हीकडून धरून ठेवलेली होडी.
होडी कसली, पाण्यावरची फटफटी:
चोवीस फूट, पुढं चोच,
कडेचा लाल पट्टा उन्हानं गुलाबी झालेला.
मल्लेशम शेठनं सत्त्याऐंशीत मुंबईहून आणली,
उजनीच्या पाण्यावर सहा रविवार पळवली.
सातव्या रविवारी काय झालं ते कुणी सांगत नाही.
आता टेंभुर्णीच्या हॉटेलवाल्यानं घेतलीय,
दारात ठेवणार, पोरांना फोटो काढायला.

मला बोलावलं, कारण शेठच्या सुताच्या गोदामात
मी एकतीस वर्षं काट्यावर बसलो.
गाठ लांबनं बघून वजन सांगायचो,
पैजेचा चहा कधी पदरच्या पैशानं प्यालो नाही.

कागद आहे. कोपरा उंदरानं खाल्लाय.
छापलंय: कोरडं वजन, इंजिनाशिवाय, बाराशे किलो.
मला हसू आलं.
कोरडं वजन लिहिणारा
नेहमी विकणारा असतो.

खडूनं होडीच्याच अंगावर मांडत गेलो.
इंजिनाचे साडेचारशे, शेपटासकट.
टाकीत चार बोटं पेट्रोल, वास गेलेलं, धरा तीस.
गाद्यांचं रेग्झिन कुणी रिक्षाला नेलं, ते वजा.
बॅटरी नाही, वजा.
पोटाखाली कधीतरी केलेलं ठिगळ, वेडंवाकडं, जाड;
ठिगळाचं वजन कुठल्याच कागदावर नसतं.
बुडाचं बूच काढलं तर काळं पाणी
दस्तगीरच्या दोन बिड्या होईस्तोवर वाहत राहिलं.

मग पाच रुपयांचं जुनं जाड नाणं घेऊन
टोकापासून ठोकत आलो.
ठण. ठण. ठण.
मधल्या बाकापाशी: ठप्प.
तिथून मागं सगळं ठप्प.
वर फायबर, आत लाकूड,
आणि लाकूड पाणी पितंय, किती वर्षं कोण जाणे.

सुतानं शेकडा साडेआठ पाणी धरावं, तो त्याचा धर्म.
त्याच्या वर जे, ते आमचं काम.
रात्री नऊनंतर गोणपाटं भिजवून
गाठींवर पांघरायचो, मी आणि यल्लप्पा हमाल.
सकाळी काटा खरं बोलायचा,
काट्याला काय, तो ओलं-सुकं विचारत नाही.
गाठीमागं अडीच किलो पाणी
साखर पेठेतल्या मागवाल्यांनी सुताच्या भावानं नेलं,
घरी जाऊन वाळवलं,
आणि पुढच्या महिन्यात परत आले, हात जोडून, उधारीला.
नरसम्मा चिलवेरी एकदा नुसती बघत राहिली माझ्याकडं.
काही बोलली नाही. चिठ्ठीवर अंगठा केला.

त्या पाण्याची ही होडी.

"मामा, पाच वाजता होटगी रोडला दुसरं काम हाय."
लाकूड कोरडं दोनशे असेल, तर प्यालेलं चारशे.
फोमचं सांगता येत नाही. फोम सुतासारखा,
पिळल्याशिवाय कबूल करत नाही.
मी खडू खाली ठेवला.
"सव्वादोन टन."
मग म्हटलं, "अडीच धर. पट्ट्याचा भरवसा नाही."

उचलली तेव्हा बाभळीनं काटे मोडून दिले, होडी सोडली.
पट्टा करकरला. दस्तगीरनं अल्लाचं नाव घेतलं.
ट्रकवर बसली. टायर अंगठाभर दबले,
वजनकाट्याच्या नाक्यावर खरा आकडा निघेल.

गेटाबाहेर वळताना बघितलं:
मागून बारीक धार लागलेली,
डांबरावर ओली रेघ
नाक्याकडं जाणारी.
वाटेत जेवढं गळेल,
तेवढं मी वजा धरलं नव्हतं.